तोटी कुठं बसवायची?

6 एप्रिल 2005 रोजी ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामाचे नवे नियम लागू झाले आणि तिथल्या खिडक्या धुणाऱ्यांच्या खांद्यावरची शिडी हळूहळू उतरू लागली. नियमांनी शिडीवर बंदी घातली नव्हती. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की जे काम जमिनीवर उभं राहून होण्यासारखं आहे त्यासाठी माणसाला वर चढवू नका. वरच्या मजल्याची काच खालूनच धुण्याचं साधन तोवर बाजारात आलेलं होतं. एकात एक सरकणाऱ्या नळकांड्यांची लांब काठी, टोकाला ब्रश आणि काठीच्या पोटातून ब्रशपर्यंत गेलेली पाण्याची बारीक नळी. या काठीला तिथं सगळे पोलच म्हणतात. आपणही तेच म्हणू.

काम असं चालतं. व्हॅनमध्ये टाकी, टाकीला जोडलेला बारा व्होल्टचा छोटा पंप, पंपापासून निघून रिळावर गुंडाळलेली शंभरेक मीटर नळी आणि त्या नळीच्या टोकाला पोल. माणूस ब्रशनं काच घासतो, त्याच ब्रशच्या जेटमधून येणाऱ्या पाण्यानं ती वरून खाली धुऊन काढतो आणि पुढच्या खिडकीकडे वळतो. फडकं नाही, पुसणं नाही. ओली काच तशीच सोडून द्यायची. ती वाळते तेव्हा तिच्यावर डाग उरत नाही, कारण मागे राहण्यासारखं त्या पाण्यात काही ठेवलेलंच नसतं.

पाण्यात किती क्षार विरघळलेले आहेत ते टीडीएस मीटर दाखवतो. घरी आरओ बसवायला येणारा माणूस पेनासारखं यंत्र पेल्यात बुडवून जो आकडा दाखवतो, तोच हा. आपल्या पिण्याच्या पाण्यात थोडे क्षार राहिलेले बरे असतात. काचेला मात्र शून्य लागतं. आकडा दहाच्या वर गेला की उन्हात वाळलेल्या काचेवर पांढरे ठिपके दिसण्याची भीती सुरू होते. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं बरंचसं पाणी खडूच्या दगडातून झिरपून येतं, त्यामुळे तिथल्या नळाच्या पाण्याचा टीडीएस तीनशेच्या घरात सहज असतो. ग्लासगोला 1859 पासून लॉख कॅट्रिन या डोंगरातल्या सरोवराचं पाणी मिळतं आणि ते इतकं मऊ असतं की आकडा पन्नासच्याही खाली राहतो. ग्लासगोतल्या माणसाचं काम नुसत्या रेझिनच्या बाटल्यावर भागतं. लंडनच्या माणसाला आधी आरओचा पडदा आणि मग उरलेसुरले क्षार टिपायला रेझिन, असे दोन टप्पे लागतात. आरओ म्हटलं की रिजेक्ट पाणी आलंच. चांगल्या दाबावर चालणाऱ्या यंत्रातही एका लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण एक लिटर गटारात जातं. दाब कमी असला तर त्याहून बरंच जास्त.

हे पाणी वाचवायचं म्हटलं की माणूस दुकानात जाऊन ‘पाणी वाचवणारा व्हॉल्व्ह’ मागतो. दुकानात त्या नावाखाली पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू मिळतात, आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. म्हणून किंमत आणि जाहिरात बाजूला ठेवून आधी हिशेब करावा.

समजा, पोलमधून मिनिटाला दोन लिटर पाणी येतं. दिवसभरात सहा तास पोल हातात आहे. त्यातले चार तास ब्रश काचेवर असतो. उरलेले दोन तास जातात एका खिडकीवरून दुसरीकडे जाण्यात, फाटक उघडून मागच्या अंगणात शिरण्यात, झुडपात अडकलेली नळी सोडवण्यात आणि घरमालकाशी दोन शब्द बोलण्यात. या दोन तासांत पाणी चालूच राहिलं तर 240 लिटर फरशीवर जातं. ते पाणी सकाळपासून व्हॅननं वाहून नेलेलं असतं, म्हणजे 240 किलो वजन. आरओमागे तेवढंच आणखी गटारात गेलेलं, म्हणजे नळाचं मीटर फिरलं ते 480 लिटरनी. काचेवर पडणारं पाणी कामी येतं. दोन खिडक्यांच्या मधलं पाणी कुणाच्याच उपयोगाचं नसतं, आणि व्हॉल्व्हनं अडवायचं ते हेच.

या हिशेबातून एक गोष्ट उघड होते. प्रत्येकाला व्हॉल्व्हची गरज सारखी नाही. ऑफिसच्या इमारतीची सलग काच धुणाऱ्याचा ब्रश काचेवरून फारसा हलतच नाही. त्याला मधल्या वेळचं पाणी वाचवून मिळणार किती? पण चाळीसारख्या एकाला एक चिकटलेल्या घरांची पुढची दोन-तीन खिडक्यांची बाजू धुऊन लगेच पुढच्या दाराशी जाणाऱ्याचा अर्धा वेळ चालण्यात जातो. पाठीवर वीस लिटरची टाकी घेऊन काम करणाऱ्याला तर दोन लिटरच्या धारेनं दहा मिनिटंच मिळतात. त्याच्याकडे चांगली तोटी नसेल तर तो दिवसभर पाणी भरायलाच चकरा मारेल.

आता पाणी अडवायचं कुठं? सोयीच्या जागा चार: व्हॅनपाशी, कमरेपाशी, पोलच्या बुडाशी आणि वर ब्रशपाशी.

व्हॅनपाशी अडवण्याचं साधन म्हणजे रिमोट. खिशात किल्लीएवढं बटण, ते दाबलं की पंप बंद. ऐकायला फार सोयीचं वाटतं, आणि बॅटरीही वाचते. अडचण आहे ती मधल्या शंभर मीटर नळीची. आतून 6 मिलिमीटर व्यासाची शंभर मीटर नळी घेतली तर तिच्यात पावणेतीन लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं, 8 मिलिमीटरची घेतली तर पाच लिटर. ही नळी लवचीक असते. पंप चालू असताना दाबानं ती जराशी फुगते, पंप थांबला की आक्रसते आणि फुगवट्यातलं पाणी जेटमधून बाहेर ढकलत राहते. बटण दाबल्यावर धार तुटत नाही, ती हळूहळू मरते. पुन्हा चालू केल्यावर आधी नळी फुगणार, मग धार येणार. एकेका खिडकीपाशी अशी दोन्हीकडून वाट पाहायची वेळ आली की माणूस बटण दाबायचंच सोडून देतो. व्हॅन चढावर आणि काम उतारावर असेल तर पंप बंद असतानाही टाकीतलं पाणी आपल्या वजनानं नळीतून वाहत राहू शकतं, हेही लक्षात ठेवलेलं बरं. रिमोट वाईट नाही. नळी फाटली, सांधा निसटला, तर लांबून पंप बंद करता येणं मोलाचं आहे. जेवायच्या सुट्टीत, घर बदलताना तो हवाच. खिडकी बदलताना मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

कमरेपाशी लावतात ती साधी चावीची तोटी, आपल्याकडे प्लंबर जिला बॉल व्हॉल्व्ह म्हणतो ती. आत भोक पाडलेला एक गोळा, बाहेर दांडी. दांडी पाव फेरा फिरवली की भोक आडवं होतं आणि पाणी थांबतं. स्वस्त, टिकाऊ आणि कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी. घेताना दोनच गोष्टी पाहाव्यात. आतलं भोक नळीच्या भोकाएवढं असावं, नाहीतर उघडी असतानाही ती धार दाबून धरते. आणि ती दाबाला पक्की असावी, कारण हे पंप शंभर पीएसआयपर्यंत म्हणजे जवळपास सात बारपर्यंत दाब चढवतात. बागेच्या नळीला लावायची हलकी प्लॅस्टिकची जोडणी इतका दाब रोज सोसत नाही.

या तोटीची खरी अडचण वेगळी आहे. पोल दोन्ही हातांनी धरायचा असतो. आठ मीटर वर ब्रश डुलत असताना एक हात सोडून कमरेची दांडी चाचपायची, तीही हातमोज्यातून, हे दिवसातून शंभरदा कुणी करत नाही. जी तोटी वापरायला हात सोडावा लागतो ती दुपारनंतर उघडीच राहते. माझ्या दृष्टीनं निवडीची सगळ्यात मोठी कसोटी हीच आहे. पाणी किती घट्ट अडतं हे नंतर पाहावं, आधी अंगठा तिथपर्यंत पोचतो का ते पाहावं.

नळी आणि पोल जिथं जुळतात तिथं काहीजण आपोआप बंद होणारा कनेक्टर लावतात. पोलचं टोक उपसलं की आतली स्प्रिंग पाणी अडवते. लहान पोल ठेवून मोठा घ्यायचा असेल तेव्हा हा फार उपयोगी, व्हॅनपर्यंत जावं लागत नाही. पण त्यालाच बटण समजून प्रत्येक खिडकीला उपसणं-खोचणं सुरू केलं तर आतली ओ-रिंग झिजते आणि मग तो कायमचा ठिबकू लागतो.

आता पोलच्या बुडाशी बसणारा चिमट्याचा व्हॉल्व्ह. मला तो सगळ्यात आवडतो, त्यामुळे त्याच्यापाशी जरा थांबू. याच्या पोटात पाणी शिरतच नाही. पोलमधून खाली आलेली नळी न कापता त्याच्या अंगातून आरपार ओवलेली असते. बाहेरची कळ सरकवली की आतला दाता नळीला एका बाजूनं दाबतो, नळीच्या दोन भिंती एकमेकींना चिकटतात आणि वाट बंद होते. कळ मागे घेतली की नळी स्वतःच्या लवचीकपणानं पुन्हा गोल होते. ओ-रिंग नाही, गोळा नाही, गाळ अडकायला खाच नाही, गळायला सांधाही नाही. हात पोलवर जिथं असतो तिथंच कळ येते आणि पकड न सोडता अंगठ्यानं ती ढकलता येते.

तो बंद केल्यावर धार का तुटते हेही पाहण्यासारखं आहे. त्याच्या वर, पोलमध्ये जी नळी आहे ती आतून साधारण 5 मिलिमीटर. आठ मीटर उंचीत तिच्यात पेलाभरही पाणी मावत नाही. खालून वाट बंद असल्यामुळे ते पाणी जिथल्या तिथं उभं राहतं. दोन-चार थेंब गळतात आणि जेट थांबतात. नळीचा सगळा फुगवटा व्हॉल्व्हच्या खाली अडकलेला असतो. कळ उघडताच तोच फुगवटा धार लगेच वर ढकलतो. रिमोटमध्ये जी नळी अडचण ठरत होती ती इथं मदतीला येते. फरक आहे तो फक्त तोटीच्या जागेचा.

याचेही दोष आहेत. नळी रोज एकाच ठिकाणी चिमटली गेली की तिथं तिला कायमची घडी पडते, मग ती पुरती उघडत नाही. त्यासाठी नळी थोडी जास्त लांब ठेवावी आणि अधूनमधून ती बोटभर पुढे सरकवावी. दुसरा दोष थंडीचा. गारठ्यात नळी कडक होते, दाता पुरता बसत नाही आणि बारीक पाझर राहतो. मऊ जातीची नळी घेतली की हा त्रास बराच कमी होतो. व्हॉल्व्ह घेताना तो कोणत्या बाहेरच्या व्यासाच्या नळीसाठी आहे तेही विचारून घ्यावं. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर बंद केला तरी ठिबकतो, किंवा उघडला तरी दाबलेलाच राहतो.

ब्रशपाशी, अगदी वर, व्हॉल्व्ह बसवण्याची कल्पना कागदावर सर्वांत चोख आहे. जेटच्या मागेच पाणी अडलं तर एक थेंबही वाया जाणार नाही. पण पोलच्या टोकावरचं प्रत्येक ग्रॅम मनगटाला आणि खांद्याला जाणवतं. वाढवलेली काठी कलती धरली की त्या वजनाचा जोर लांबीच्या पटीत वाढतो. कार्बन फायबरचे महाग पोल लोक विकत घेतात ते टोक हलकं राहावं म्हणूनच. पेलाभर पाणी वाचवायला पुन्हा तिथंच वजन चढवणं मला पटत नाही.

तोटी कुठलीही लावा, तिचं पंपाशी जमलं पाहिजे. पोलपाशी पाणी अडवलं तरी व्हॅनमधल्या पंपाला ते लगेच कळत नाही. तो ढकलत राहतो, नळी फुगत जाते. साध्या पंपात दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की दाबाचा स्विच त्याला थांबवतो. हल्लीच्या व्हॅनमध्ये मात्र पंपाचा वेग ठरवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असतो. पंपावर ओझं वाढलं की तो वीज जास्त ओढू लागतो. त्यावरून पुढची वाट बंद आहे हे कंट्रोलर ओळखतो आणि पंप थांबवतो. ही ओळख किती तीक्ष्ण ठेवायची हे वापरणाऱ्यानं ठरवायचं असतं. फार तीक्ष्ण ठेवली तर काम चालू असतानाच पंप मध्येच थांबतो. फार सैल ठेवली तर तोटी बंद असताना दाब चढत राहतो आणि रिळापाशी एखादी जोडणी सुटून टाकी व्हॅनमध्येच रिकामी होते. बॅटरी उतरली किंवा थंडी वाढली तर ही जुळवणी बिघडते, म्हणून ऋतू बदलला की ती नव्यानं करावी. नवा व्हॉल्व्ह बसवल्या दिवशी तर करावीच. पुष्कळदा लोक व्हॉल्व्हला दोष देऊन तो परत करतात आणि बिघाड असतो या जुळवणीत.

याच कंट्रोलरवर धार कमी करायचं बटण असतं, आणि तिथून एक खोटी बचत सुरू होते. मिनिटाला दोन लिटरऐवजी एक लिटर सोडलं की पाणी निम्मं वाचलं असं वाटतं. सैल झालेली धूळ वाहून न्यायला मात्र काचेवर पाण्याचा सलग पडदा उतरावा लागतो. काही काचांवर पाणी आपणहून पसरतं, तिथं कमी धार चालते. काही काचा पाण्याला झटकतात, त्यांच्यावर पाणी थेंब-थेंब होऊन अडून बसतं. तिथं एक लिटरच्या धारेनं धूळ चौकटीच्या खालच्या कडेशी साठते, आणि वाळल्यावर आलेला डाग काढायला दुसऱ्यांदा यावं लागतं. त्यापेक्षा जेट बदलावेत. पाणी झटकणाऱ्या काचेला पंख्यासारखी रुंद धार देणारे, एरवी बारीक भोकाचे सरळ जेट. बारीक भोकातून कमी पाणीही जोरात येतं.

इथवर सगळं व्हॅनच्या पुढचं झालं. पण लंडनसारख्या जड पाण्याच्या गावात सर्वांत जास्त पाणी वाचवणारा व्हॉल्व्ह पोलवर नसतो. तो असतो गॅरेजमध्ये, आरओच्या यंत्रावर, आणि पुष्कळांच्या यंत्रावर तो बसवलेलाच नसतो.

रात्री आरओ लावून टाकी भरायला ठेवतात. टाकीत आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखाच फ्लोट असतो. टाकी भरली की तो वर येतो आणि शुद्ध पाण्याची वाट बंद करतो. पण पडद्यातून शुद्ध पाणी बाहेर पडायची वाट बंद झाली म्हणून नळाकडून आत येणारं पाणी थांबत नाही. ते पडद्यावरून सरकून रिजेक्टच्या नळीतून गटारात वाहत राहतं. टाकी रात्री दोनला भरली आणि माणूस सहाला उठला, तर चार तास नुसतं गटार भरायचं काम चाललेलं असतं. यावर उपाय म्हणजे चार तोंडांचा छोटा व्हॉल्व्ह. त्याच्या दोन तोंडांतून शुद्ध पाणी जातं, दोन तोंडांतून नळाचं, आणि मध्ये रबरी पडदा. फ्लोट बंद झाला की शुद्ध पाण्याच्या बाजूला दाब चढतो. तो नळाच्या दाबाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास गेला की रबरी पडदा दुसऱ्या बाजूला रेटला जातो आणि नळाचंच पाणी बंद होतं. वीज लागत नाही. फक्त शुद्ध पाण्याच्या नळीत एकदिशा व्हॉल्व्ह असावा लागतो, नाहीतर चढलेला दाब मागे निसटतो आणि यंत्र पुन्हा सुरू होतं. पहिला पैसा कुठं घालावा असं विचारलं, तर माझं उत्तर इथंच असेल.

याच यंत्राच्या रिजेक्टच्या नळीवर एक बारीक तोटी असते आणि तिच्या बाबतीत उलट सावधगिरी हवी. ती आवळली की गटारात जाणारं पाणी कमी होतं. पण पडद्यानं अडवलेले क्षार त्याच पाण्यानं वाहून न्यायचे असतात. जड पाण्याच्या भागात ती फार आवळली तर चुना पडद्यावरच बसतो आणि पडदा लवकर निकामी होतो.

ब्रिटनसारख्या पावसाळी देशात एवढी काटकसर कशाला, असं वाटू शकेल. पण 2022 च्या ऑगस्टमध्ये दक्षिण इंग्लंडचं गवत पिवळं पडलं होतं. 5 ऑगस्टला हॅम्पशर आणि आइल ऑफ वाइटमध्ये, 24 ऑगस्टला टेम्स वॉटरच्या हद्दीत रबरी नळी वापरण्यावर बंदी आली. 2010 च्या कायद्यानं अशा बंदीत मोडणाऱ्या कामांची जी यादी केली आहे तिच्यात घराच्या भिंती आणि खिडक्या नळीनं धुणंही आहे. या धंद्यावर पोट असणाऱ्यांना पाणी कंपन्या बऱ्याचदा सवलत देतात. तरी शेजाऱ्यांच्या बागा वाळत असताना ज्याच्या पोलमधून फाटकापर्यंत पाण्याचा ओघळ येतो, त्या माणसाकडे गल्ली कशी पाहील हे सांगायला नको.

हिवाळ्याचं एक सांगायचं राहिलं. बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. कमरेची चावीची तोटी पुरती बंद करून व्हॅनमध्ये टाकली की गोळ्याच्या भोकात थोडं पाणी कोंडलेलं राहतं आणि एका कडक रात्रीत तोटीच्या अंगाला चीर जाते. म्हणून रात्री दांडी अर्ध्यावर, तिरकी ठेवावी. चिमट्याचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवावा.

विकत घेण्याआधी बादली आणि घड्याळ घेऊन मोजून पाहावं. ब्रश बादलीत धरून एक मिनिट पाणी सोडायचं आणि ते मापायचं. मग पाणी जिथं एरवी बंद करता तिथं बंद करायचं आणि पुढच्या मिनिटात जेटमधून जे येईल ते दुसऱ्या भांड्यात धरायचं. दुसऱ्या भांड्यात पेलाभराहून जास्त जमलं तर तोटी ब्रशपासून फार लांब आहे, ती पोलवर आणायला हवी. जवळपास काहीच जमलं नाही आणि तरीही टाकी दुपारीच तळाला जात असेल, तर तोटी चांगली आहे पण ती फिरवली जात नाही. अशा वेळी नवी, महाग तोटी घेऊन उपयोग नाही. आहे तीच अंगठ्याजवळ सरकवावी. आणि पोलपाशी सगळं ठीक असून पाण्याचं बिल चढतंच असेल, तर टाकी भरलेली असताना गॅरेजमध्ये जाऊन रिजेक्टच्या नळीखाली हात धरून पाहावा.